पारड्याला बोट

१२ जानेवारी. सकाळी ७.४०
डाव्या स्तनाग्रामागे गाठ. (पुरुषांना स्तन असतात का, हा प्रश्न पुस्तकात बघून निकालात काढला. असतात. नावापुरते.) व्हर्नियर कॅलिपरने माप: १४.२ मिलिमीटर. तीनदा घेतलं, सरासरी काढली. दुकानात वजनकाटे तपासतानाही मी तीनदाच मापतो.
कारण उघड आहे. प्रमाण वजनांची पेटी गेली बावीस वर्षं मी छातीशी धरून गिऱ्हाइकांकडे नेतो. पेटीचा कोपरा नेमका तिथेच लागतो. निष्कर्ष: घट्टा.
उद्यापासून पेटी उजवीकडे. माप चालू ठेवणे. हिला सांगू नये. बायको म्हणून चांगली आहे, पण लगेच देवाला मध्ये घालते.

२ फेब्रुवारी
१४.९. थंडीत धातू आकुंचन पावतो, त्यामुळे कॅलिपर किंचित जास्त दाखवतो. किती जास्त, ते काढलं नाही.

२० फेब्रुवारी
१६.१. थंडी गेली. कॅलिपरचा शून्य तपासला. शून्य बरोबर आहे.
८.१५. बाथरूमची कडी नीट लागली नव्हती. ही आत आली. मी उघडा, छातीला कॅलिपर. काय चाललंय म्हणाली. म्हटलं, निरीक्षण. कधीपासून? एकोणचाळीस दिवस. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शर्ट घातला. कॅलिपर काढून घेतला आणि चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. अचूक उपकरण, चमच्यांत! निषेध नोंदवला. उपयोग नाही. डॉक्टर नक्की.

२४ फेब्रुवारी
स्तनविकार विभाग. रिसेप्शनवरची मुलगी हिला म्हणाली, मॅडम, तुम्ही आत या, सरांना बाहेर बसू द्या. ही म्हणाली, सरांना आत घ्या, मी बाहेर बसते. मुलीने कॉम्प्युटरकडे बघितलं, जणू चूक त्याची आहे.
फॉर्म भरला. शेवटची पाळी कधी? गर्भारपणं किती? अंगावर पाजलं का? प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं. एकूण अकरा वेळा. शेवटी फॉर्म सुधारण्याबद्दल सहा ओळींची सूचना जोडली.
मॅमोग्राफीचं यंत्र म्हणजे मुळात दाबकाटा. दाबायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. टेक्निशियन बाईंनी जे होतं ते गोळा केलं. यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, श्वास धरा.
मग सुईने तुकडा काढला. आठवड्याने रिपोर्ट.

३ मार्च
कॅन्सर.
शब्द लिहून पाहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं.
सर्जनबाई म्हणाल्या, असे शंभर पेशंट आले तर एखादा पुरुष असतो. म्हटलं, वाचलंय. मापांचा तक्ता दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाल्या, तक्ता उत्तम आहे, पण यातल्या पहिल्या तारखेला तक्ता नसता केला आणि गाठ घेऊन आला असतात तर जास्त उत्तम झालं असतं.
रिक्षाने परतलो. मी सिग्नल मोजले. नऊ.

५ मार्च
फुप्फुसांचा स्कॅन. उजवीकडे ठिपका, ६ मिलिमीटर. एवढ्या लहानात सुई घालता येत नाही. आधी ऑपरेशन, मग चार केमो, मग पुन्हा स्कॅन. तीन शक्यता: ठिपका वाढला किंवा घटला, तर कॅन्सर तिथवर गेलाय. तसाच राहिला, तर काहीतरी जुनं, निरुपद्रवी. म्हणजे जूनपर्यंत काही कळणार नाही.
मी शांत आहे. शांतपणे दोनदा चष्मा शोधला. डोळ्यांवरच होता.

६ मार्च. संध्याकाळी
निर्णय झाला. हा आजार निव्वळ बुद्धीच्या बळावर काढायचा. देव नाही, हे मी सोळाव्या वर्षी कोणाच्या मदतीशिवाय काढलं. काटे दुरुस्त करायलाही कोणी शिकवलं नाही. उघडले, बघितले, शिकलो. आता पन्नाशी उलटल्यावर भीतीपोटी हात जोडले तर सगळं आयुष्य खोट्या मापाचं ठरेल.
अडचण हिची. रोज सकाळी चहाआधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डोळे मिटून उभी राहते. अठ्ठावीस वर्षं मी हे खपवून घेतलंय. पण आता प्रश्न श्रेयाचा आहे. मी बरा झालो की ही म्हणणार, बघा, ऐकलं त्याने. माझ्या धंद्याचा पहिला नियम: वजन चालू असताना पारड्याला बोट लावायचं नाही. हिची प्रार्थना म्हणजे बोट.
दुकानाच्या लेटरहेडवर हमीपत्र केलं. ‘मी, खाली सही करणार, नवऱ्याचे उपचार संपेपर्यंत त्याच्यासाठी कोणत्याही अदृश्य शक्तीकडे तोंडी, लेखी वा मनातल्या मनात अर्ज करणार नाही.’ हिने दोनदा वाचलं. म्हणाली, मग मी काय करायचं? म्हटलं, विश्वास ठेव, विज्ञानावर. हिने पेन मागितलं आणि सही केली. इतक्या सहज केली की मनात म्हटलं, ही काही पाळायची नाही.
ताईलाही फोनवर ताकीद दिली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ओरडली, माझ्या देवाशी मी काय बोलायचं ते आता तू ठरवणार? शेंबडा होतास तेव्हापासून असाच आहेस! मग हिने फोन आतल्या खोलीत नेला. बराच वेळ बोलत होत्या. बहुधा माझ्याबद्दल आदराने.

८ मार्च
चहा ६.१० ला आला. कालही ६.१०. नेहमी ६.२५ ला येतो. १ तारखेला मी शेगडीचा बर्नर साफ केला होता, त्याचा परिणाम. पंधरा मिनिटांची बचत! छोट्या गोष्टींत किती ताकद असते.

१३ मार्च. हॉस्पिटल
ऑपरेशन परवा झालं. साडेतीन तास. डावीकडे आता सपाट मैदान आणि १९ सेंटिमीटरची टाक्यांची ओळ. (सिस्टरकडे टेप मागितला. तिने दिला, पण नजर ठेवून उभी राहिली.) काखेतल्या गाठीही काढल्या. डाव्या हाताने जड उचलायचं नाही, कायमचं.
भूल उतरल्यावर पहिली ही दिसली. खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली. इथला एसी फार थंड आहे. तक्रार करणे.

६ एप्रिल
केमो क्रमांक १. आठ खुर्च्या, सगळ्या बायका, आणि मी. खुर्ची क्रमांक तीन मिळाली. शेजारी एक शिवणवाल्या बाई. विग घालून, मांडीवर काजांचं काम घेऊन बसलेल्या. कोणाला सोडायला आलात, म्हणाल्या. मी छातीकडे बोट दाखवलं. बाईंनी सुई थांबवली. म्हणाल्या, अगंबाई, आता हेही तुम्हालाच हवं का! सगळ्या खुर्च्या हसल्या. मी हसलो नाही. नंतर घरी थोडा हसलो.

१० एप्रिल
उलट्या. मोजल्या नाहीत.

२७ एप्रिल
केमो २. रक्ताचे आकडे चांगले. का चांगले, याचा विचार केला. गेल्या वेळचा चौकड्यांचा तपकिरी शर्ट आजही होता. खुर्ची तीनच. रिक्षाही शाळेवरून नेली होती तशीच नेली. प्रयोगात परिस्थिती स्थिर ठेवावी लागते. यापुढे दर केमोला हेच. हा निव्वळ शास्त्रीय शिस्तीचा भाग आहे.
केस गेले. भुवया ५० टक्के.

१८ मे
केमो ३. घोटाळा. खुर्ची तीनमध्ये शिवणवाल्या बाई. विनंती केली. म्हणाल्या, पाच रिकामी आहे की. मी म्हटलं, परिस्थिती स्थिर ठेवायची आहे. त्यांना कळेना. सुमारे चाळीस मिनिटं मी उभा राहिलो. सिस्टरने ओरडून पाहिलं. शेवटी बाई उठल्या, नळी-स्टँड सगळं ओढत पाचमध्ये गेल्या आणि तिथून म्हणाल्या, भाऊ, देव नाही म्हणता ना तुम्ही? मग तो तीन नंबरच्या खुर्चीत काय करतोय?
मी प्रयोगशास्त्र समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी डोळे मिटले. थकल्या असतील.
हिने ऐकलं सगळं. घरी येईपर्यंत रिक्षाबाहेर बघत होती. खांदे हलत होते. रडत असावी. (नंतर कळलं: हसत होती.)

८ जून
केमो ४, शेवटचा. शर्ट तपकिरी. रस्ता शाळेवरून. खुर्ची तीन, आज बाईंनी माझ्यासाठी रुमाल टाकून धरून ठेवली होती. आभार मानले नाहीत. मानायला हवे होते.

१६ जून
सिलिंडर बदलला. स्कॅन २४ तारखेला.

२२ जून. दुपारी
तपकिरी शर्ट धुताना फाटला. ही म्हणाली, जुनाच होता. मी फाटलेल्या कडा जुळवून पाहिल्या. मग मी स्वतःला समजावलं, शर्ट गेला तरी चालेल, कारण बाकी व्यवस्था चालूच आहे.
बाकी व्यवस्था म्हणजे ही. हमीपत्र वगैरे ठीक; पण ही चोरून करतच असणार, हे मी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. आज मोठेपणा घेऊन म्हणालो, तू गुपचूप करतेस ते मला माहीत आहे, मी रागावणार नाही. ही म्हणाली, काय करते? प्रार्थना. म्हणाली, नाही हो. सही केलीय ना मी.
म्हटलं, निदान मनातल्या मनात? म्हणाली, तेही तुम्हीच लिहिलं होतंत.
मग सकाळी त्या वेळात काय करतेस? म्हणाली, काय करणार, लवकर चहा करते.
वही काढली. ७ मार्चपासून रोज ६.१०. एकशे आठ दिवस. (आकड्याला काही अर्थ नाही.) माझ्याच अक्षरात. बर्नर!
ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाही? म्हणाली, साडेतीन तास हात मांड्यांखाली घेऊन बसले होते. बाहेर ठेवले की आपोआप जुळतात.
मी पाणी प्यायलो. मग ताईला फोन केला. सहज. तुझं तरी चालू आहे ना? ताई म्हणाली, वहिनीनेच गळ घातली रे, त्यांना हवं तसं होऊ दे, म्हणून. सोडलं मी त्याच दिवशी. तू रडतोयस का? म्हटलं, केमोने नाक वाहतं.
म्हणजे एकशे आठ दिवस माझ्यासाठी कोणीही, कुठेही, काहीही केलेलं नाही. पारडं संपूर्ण मोकळं. मला हवं होतं तसंच.

२२ जून. संध्याकाळी
हमीपत्र रद्द झाल्याचं हिला तोंडी कळवलं. केवळ तिच्या मनःशांतीसाठी, हेही सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, असं बटण दाबल्यासारखं होत नाही. एवढे दिवस तिकडे तोंड दाखवलं नाही. आता काम पडलं म्हणून जाऊ? मला लाज वाटते.
अठ्ठावीस वर्षं मी हिला पटवत होतो. पटलं की काय?
जेवण गेलं नाही.

२३ जून
६.१०. चहा आला.

२४ जून
६.१०. चहा. स्कॅन. शर्ट निळा. शाळेचा रस्ता खणलेला, रिक्षा दुसरीकडून. यंत्रातला आवाज म्हणाला, श्वास धरा. मी धरला. सोडा म्हणाला, तेव्हा लगेच सोडवेना.

२६ जून
ठिपका ६ मिलिमीटर. तसाच.
सर्जनबाई म्हणाल्या, लहानपणी कधी छातीत कफ साचला असेल, त्याचा व्रण. पन्नास वर्षांचाही असू शकेल. म्हणजे तो शर्टाने बरा झाला नाही, खुर्चीने नाही, माझ्या बुद्धीने नाही, कोणाच्याच कशाने नाही. बरं व्हायला तिथे काही नव्हतंच. श्रेयाचा प्रश्न निकालात निघाला.
आता पाच वर्षं रोज एक गोळी. सोबतच्या माहितीपत्रकावर फक्त बायकांची चित्रं. अचानक अंगातून वाफा, घाम, चिडचिड होऊ शकते. हिने रिक्षात मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, या, आता कळेल! मग पत्रक तोंडावर धरलं. या वेळी खरंच रडत होती. मी डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. जडपणा जाणवला नाही.

२७ जून. सकाळी
५.५५ ला जाग. पडून राहिलो. ६.१०. चहा नाही. ६.१५. भांड्याचा आवाजही नाही. ६.२०. मी घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.
६.२५. चहा आला.
शक्य तितक्या सहज विचारलं, उशीर झाला? ही म्हणाली, गॅस संपला होता. सिलिंडर बदलत बसले.
वहीत बघितलं. सिलिंडर १६ तारखेला लावलाय. दोन माणसांच्या घरात अकरा दिवसांत संपत नाही.
हुकाचा काटा काढला. रिकाम्या टाकीचं वजन सिलिंडरवर छापलेलं असतं. एक वजन, एक वजाबाकी, अर्ध्या मिनिटाचं काम. नवा असेल तर कळेल, अकरा दिवस वापरलेला असेल तर तेही कळेल. हूक कडीत अडकवला. मान वर केली तर ही स्वयंपाकघराच्या दारात, ओले हात पुसत उभी.
हूक काढला.
नोंद: गॅस संपला होता.
डाव्या हाताने जड उचलायचं नाही, अशी सर्जनबाईंची सक्त ताकीद आहे. दुसरं काही कारण नाही.