वारेत दडलेला ताप

१४ सप्टेंबर, दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे पत्रात लिहितात तसे ठीक. फोनवर हे बोलायला घेतलं की मी भलतंच काही बोलत बसते आणि तू "बरं, ठेवते" म्हणून मोकळी होतेस. पत्र ठेवलंस तरी पुन्हा उचलशील, म्हणून लिहितेय.

आधी घरची खबरबात. यांनी मागची खोली एकदाची रंगवली. पिवळा म्हणून आणलेला रंग वाळल्यावर भलताच निघाला. आता म्हणतात, मला असाच हवा होता. शिवणयंत्र मी खिडकीशी ओढून घेतलंय. आईचे गुडघे कुरकुरतात. ती स्वतः मात्र हल्ली कमी बोलते.

आणि ताई, मला मुलगी झाली. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण तुला कसं सांगावं तेच सुचेना. नाक थेट तुझं आहे. रडण्याआधी खालचा ओठ पुढे काढते, तोही तुझाच.

लहान आहे गं. फारच लहान. दिवस पूर्ण भरले होते, तरी काट्यावर दोन किलोसुद्धा भरली नाही. नर्सनं कापडात गुंडाळून आईच्या हातात दिली, तशी आईनं कापड बाजूला करून तिची बोटं चाचपली. तिला कोण आठवलं ते मला कळलं. मलाही तुझा तोच आठवला.

मधल्या महिन्यांत मला अधूनमधून हुडहुडी भरायची. मागच्या नाल्याचे डास तुला काय सांगायचे! रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. ताप असा अंगात राहिलाच नाही, म्हणून सगळे म्हणाले, पहिलटकरणीला थकवा यायचाच. मीही तेच धरून चालले. पण बाळ इतकं हलकं का, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाळामागून पडलेली वार तपासायला पाठवली. तिच्यात हिवतापाचे जंतू सापडले.

आईचा विश्वासच बसेना. "अहो, हिला धड ताप नव्हता. रक्तही चांगलं निघालं होतं."

"कधीकधी बोटातल्या रक्तात ते दिसतच नाहीत, आजी," बाई म्हणाल्या. "वारेत जाऊन दडतात. बाळाला खाणं, हवा, सगळं तिथूनच मिळतं. तिथेच त्यांची गर्दी झाली, वार सुजली, की आईनं कितीही खाल्लं तरी बाळाला पुरत नाही. पहिल्या खेपेला हे जास्त होतं."

"उभ्यानं काम केल्यानं?" आईनं विचारलं.

"छे हो. हे डासानं होतं."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझ्या थोरलीचा मुलगा असाच होता. एवढासाच. राहिला नाही."

"त्याचं आता नक्की नाही सांगता येणार," बाई हळूच म्हणाल्या. "तेव्हा वार कुणी तपासली नसेल."

"तुम्ही शिकलेल्या, तरी म्हणता नक्की नाही," आई म्हणाली. "मला मात्र तेव्हा अगदी नक्की वाटलं होतं."

ताई, मी तिथेच खाटेवर पडून हे ऐकत होते. डोळ्यांपुढे सारखी तू येत होतीस. पाय सुजलेले, तरी लॉन्ड्रीत उभी राहून इस्त्री करणारी. तू पोटुशी असताना आपण एका गोधडीत झोपायचो तेव्हा तुझे दात वाजायचे आणि मी म्हणायचे, काय गं, यंत्र चालू केलंस का? तू हसायचीस, कुडकुडत हसायचीस. त्याला ताप म्हणतात हे आपल्या दोघींनाही कुठं ठाऊक होतं? आणि बाळ गेल्यावर उंबऱ्यात उभं राहून आई जे बोलली: "कामाची हाव सुटली नाही तुझी. पोटातच वाळवलंस पोराला." पिशवी उचललीस आणि भावजींच्या मागे चालू लागलीस. अजून माझी सगळी विचारपूस करतेस, पण आई कशी आहे हे कधीच विचारत नाहीस. मी तुला दोष देत नाही.

मुलीची काळजी करू नकोस. मला औषध सुरू आहे. तिला सारखी छातीशी, अंगाला अंग लावून धरायची आणि थोडं थोडं दूध पाजत राहायचं, असं सांगितलंय. मी थकले की हे धरतात, हे कामावर गेले की आई. आई तिला कणी म्हणते. "पी गं कणी, अजून एक घोट," असं तासन्‌तास चाललेलं असतं. काल काट्यावर थोडी चढली, तर आईनं नर्सचे दोन्ही हात धरले. रोज दवाखान्यात वजन करून घरी आलो की मच्छरदाणीच्या आत आम्ही तिघी. चौथीची जागा रिकामी दिसते, ताई. मला तुझ्या कुशीला पाठ टेकून बसायचंय. बाकी काही नको. मला भीती वाटते तेव्हा तू "वेडी कुठली" म्हणायचीस, तसं इथे कुणालाच म्हणता येत नाही.

आज सकाळी आई म्हणाली, "तिला लिही."

"काय लिहू?"

"मी बोलले ते तिला आठवत असेलच. ते खोटं होतं, असं लिही."

"आणि ये म्हणून लिहू?"

तिनं मान हलवली. "नको. तसं म्हणायचा हक्क मला राहिला नाही."

तिला नसेल. पण मी तुझ्या पाठची आहे, माझा हट्ट तू आजवर मोडलेला नाहीस. ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी