पंधरा नको, बावीस

१ एप्रिल, बुधवार
रोजनिशी पुन्हा सुरू. तारीख बघून कुणी हसू नये, मुद्दाम निवडलेली नाही. जानेवारीत सुरुवात केली होती, पण तेव्हा सर्दी होती.
संकल्प: रोज सकाळी चालणं, चहात साखर बंद, दादाला दिवसाआड फोन. चालणं उद्यापासून. बुटाची नाडी तुटली आहे.
आज संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, 'आजच्या दिवशी' हे सदर पुढच्या महिन्यापासून बंद करावं असं वाटतंय, हे सगळं हल्ली लोकांना मोबाइलवर मिळतं. मी अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर येऊन पेजवाल्याला वाट्टेल ते बोललो. पेजवाला म्हणजे आमची पानं लावणारा. माणूस वाईट नाही, पण माझं सदर जिथे जागा उरेल तिथे कोंबतो.
इतकी वर्षं मी या शहराला रोज सकाळी सांगतोय, आज कोण जन्मलं, कोण गेलं, काय बुडालं, काय पेटलं. म्हणे मोबाइल!

२ एप्रिल
अंघोळ करताना सुचलं. एकच तारीख घ्यायची आणि अख्खं पान भरून काढायचं. लोकांचे डोळे पांढरे झाले पाहिजेत. मग बघू सदर कोण बंद करतो ते.
तारीखही सापडली. १५ एप्रिल! टायटॅनिक बुडाली, लिंकन गेला, पॅरिसचं ते जुनं कॅथेड्रल पेटलं, सगळं एकाच तारखेला. शिवाय लिओनार्दोचा जन्म, गणितज्ञ ऑयलरचा जन्म, जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोशही त्याच दिवशी बाहेर पडलेला. एका तारखेच्या अंगावर इतकं ओझं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.
संपादकांना सांगितलं. ते फोनवर होते. मान हलवून 'बघू' म्हणाले. म्हणजे झालंच.
चाललो नाही. नाडी आणायची राहिली.

४ एप्रिल
वहिनीचा फोन. दादाच्या हृदयाची झडप पार बिघडली आहे, ऑपरेशन करावं लागणार. त्यांच्या गावात मोठे सर्जन फक्त बुधवारी येतात. डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या आहेत, पंधरा किंवा बावीस. पंधराला केलेलं बरं असं ते स्वतः म्हणाले.
मग दादा फोनवर आला. म्हणाला, तू ये रे ऑपरेशनला, तू बाहेर बसलेला असलास की मला धीर येतो.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे इथे नोंदवून ठेवतो. वडील गेल्यावर या माणसाने मला वाढवलं. शाळेत नाव घातलं, सायकल शिकवली, परीक्षेच्या वेळी माझ्यासाठी पहाटे उठून बसायचा. आता रिटायर झालाय. रोज सकाळी चहाबरोबर माझं सदर वहिनीला मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच्यासाठी मी काहीही करीन.
फक्त पंधरा तारखेचं कसं जमायचं? पान त्या दिवशी छापून येणार. फोन येणार, कदाचित मालक स्वतः येतील. आणि माझी खुर्ची रिकामी?

५ एप्रिल
रात्रभर विचार केला. स्वतःचा नाही, दादाचा.
असं बघा. पंधरा एप्रिल ही तारीखच वाईट आहे. जहाज बुडतं, अध्यक्ष मरतो, देऊळ पेटतं. अशा दिवशी सख्ख्या भावाला टेबलावर झोपवायचं? माझ्यासारख्या जाणकाराने डोळ्यांवर कातडं ओढून बसायचं?
फोन करून स्पष्ट सांगितलं. पंधरा नको, बावीस घ्या. टायटॅनिकचं सांगितलं, लिंकनचं सांगितलं. वहिनी घाबरली बिचारी. म्हणाली, बरं झालं भावजी तुम्ही सांगितलंत, आम्हाला यातलं काय कळतं.
लिओनार्दोचं आणि ऑयलरचं नाही सांगितलं. ऑपरेशनला जन्माचा काय संबंध?
बावीसला तत्त्वज्ञ कांट जन्मला. लेनिनही. महायुद्धात पहिल्यांदा विषारी वायू सोडला तोही त्याच तारखेला, पण संध्याकाळी. ऑपरेशन सकाळी आहे.
हिला सांगितलं तर म्हणाली, पंधराला तुमचं पान आहे म्हणून ना? बायकांना प्रत्येक गोष्टीत स्वार्थ दिसतो. चहात दोन चमचे साखर घातली.

८ एप्रिल
वहिनीचा फोन. डॉक्टरांना बावीस कळवली. त्यांनी कारण विचारलं तर दादा म्हणाला, माझा भाऊ पेपरात आहे, त्याचा तारखांचा अभ्यास आहे. डॉक्टर आधी हसले म्हणे, मग वैतागले. म्हणाले, तुमची मर्जी, पण मी तुम्हाला आठवडा वाया घालवू नका असं सांगितलं होतं. पंधराची जागा त्यांनी दुसऱ्या पेशंटला दिली.
हसेनात का. त्यांचा तो विषय नाही.
दादाला आडवं झोपवत नाही, खुर्चीत बसून झोपतो. काळजी वाटते. येत्या रविवारी जाऊन भेटून यायचंच. चार तासांचा तर बसप्रवास.

१२ एप्रिल, रविवार
गेलो नाही. टायटॅनिकचा फोटो धूसर येत होता, तो पेजवाल्याबरोबर बसून निस्तरावा लागला. ही म्हणाली, ते जहाज कधीचं बुडालंय, एक दिवस थांबलं असतं. हिला छपाईतलं काही कळत नाही.
दादाशी फोनवर बोललो. वाक्य अर्धं सोडून थांबत होता. मला वाटलं रेंज जातेय, म्हणून मी 'हॅलो, हॅलो' ओरडत राहिलो. मग वहिनीने फोन घेऊन सांगितलं, की त्यांना दम लागतोय.
पुढचा रविवार नक्की.

१३ एप्रिल
पान दिलं. बुडालेलं जहाज वर आडवं, मधे लिंकन, उजवीकडे आगीच्या ज्वाळा, खाली लहान अक्षरात जन्म. पेजवाला 'एक नंबर' म्हणाला. त्याच्या तोंडून असं कधी निघत नाही.
आता सदर बंद करून दाखवा म्हणावं.

१४ एप्रिल
केस कापले. उद्या फोटो काढतील असं वाटतं. निळा शर्ट इस्त्रीला टाकला.
दादाला फोन करायचा राहिला.

१५ एप्रिल, सकाळ
पेपर दाराखालून ओढून घेतला. पान उघडलं.
निळं पाणी. पांढरंशुभ्र जहाज. डेकवर हसणारी जोडपी. 'चला, समुद्र बोलावतोय!' पूर्ण पान जाहिरात. कुठल्याशा क्रूझ कंपनीची.
माझं सदर सातव्या पानावर, राशीभविष्याच्या खाली. तीन ओळी. लिओनार्दोचा जन्म, ऑयलरचा जन्म, शब्दकोश प्रसिद्ध. बास.

१५ एप्रिल, रात्र
निळा शर्ट घालून गेलो होतो. संपादक म्हणाले, अहो, एका पानावर जहाजाची जाहिरात आणि दुसऱ्या पानावर बुडालेलं जहाज, असं कसं छापणार? जाहिरातवाले घाबरले, त्यांनी टायटॅनिक काढा म्हटलं. मग म्हटलं मरण, आग, सगळंच काढा, शुभशुभ राहू द्या. पूर्ण पान देतो असं मी कधी म्हणालो होतो, असंही त्यांनी विचारलं.
फोनजवळ बसून होतो. वाचक उशिरा उठतात.
अकराच्या सुमारास वाजला. दादा. आधी कौतुक केलं. मग म्हणाला, अरे, पण आज तर नुसते जन्मच दिसतायत. एवढं बोलून हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला थांबेचना. मी म्हणालो, जागा कमी होती, वाईट घटना गाळाव्या लागल्या. तो म्हणाला, असू दे रे, बावीस तर बावीस. येतोस ना रविवारी? हो म्हणालो.
दिवसभरात आलेला तो एकच फोन.

१६ एप्रिल
अंग कणकणतंय. राजीनामा द्यायचं ठरवलं. जेवणानंतर रद्द केलं.
या घरात आणि त्या ऑफिसात माझी कदर असलेलं एकही माणूस नाही. दादा आहे, पण तो लांब.

१७ एप्रिल
दादाला दवाखान्यात ठेवलं. नाकाला ऑक्सिजन. सर्जन दुसऱ्या शहरात आहेत, बुधवारशिवाय येऊ शकत नाहीत. मी वहिनीला धीर दिला. म्हणालो, आता किती, गेलाच आठवडा.
वहिनीने एक चांगली बातमी दिली. दादाच्या शेजारच्या कॉटवर जो माणूस आहे, त्याचं ऑपरेशन पंधरालाच झालं. काल तो उठून बसला, आज स्वतःच्या हाताने जेवला. ती खुशीत होती. म्हणाली, डॉक्टरांच्या हाताला यश आहे भावजी, आपलंही होईल नीट.
फोन ठेवला आणि माळ्यावरून बॅग काढली. ही विचारत होती काय झालं. मी म्हणालो, काही नाही, बरा आहे.
उद्या सकाळच्या बसने निघतो. रजा गेली उडत.

१८ एप्रिल, शनिवार
बॅग भरून दारात ठेवली होती. तेवढ्यात ऑफिसचा फोन, दुपारी मीटिंग आहे, सदरांचा निर्णय होणार. दोन तासांचा तर प्रश्न, म्हटलं संध्याकाळची बस पकडू. ही म्हणाली, निघा हो तुम्ही, ते सदर घाला चुलीत. मी तिला म्हणालो, हे सदर माझा भाऊ रोज वाचतो. त्याच्यासाठीच लढायला चाललोय.
मीटिंग लांबली. सगळा वेळ पार्किंगवर गेला. माझा विषय निघालाच नाही. शेवटी मीच काढला, तर संपादक म्हणाले, ते तर ठरलंच आहे ना.
संध्याकाळची बस गेली होती. पहाटेची घेतो. रविवारी येतो म्हणालो होतो, रविवारीच पोचतोय. शब्द पाळला असंच म्हणावं लागेल.

१९ एप्रिल, रविवार
बस अर्ध्या वाटेवर धाब्याला थांबली होती. हातात चहा होता. पुतण्याचा फोन आला. काका, बाबा गेले.
चहा मी प्यायलो. का प्यायलो, माहीत नाही. बस सुटली, मी खिडकीशी बसलो. आजच्या तारखेला काय काय झालं ते मला तोंडपाठ आहे. त्यातलं काहीच आठवेना.
स्टँडवर पुतण्या घ्यायला आला होता. गाडी चालवताना माझ्याकडे न बघता बोलला. मी डॉक्टरांना विचारलं काका. ते म्हणाले, पंधराला केलं असतं तर बहुतेक वाचले असते. मग म्हणाला, बाबांचा तुमच्यावर फार विश्वास होता. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मी त्याला टायटॅनिकचं सांगणार होतो.
दादा खूप लहान दिसत होता. कपाळावर हात ठेवला. गार लागलं.

२० एप्रिल
सगळं उरकलं. घरात माणसंच माणसं. सतरंजीवर बसून आहे. कुणी काही विचारलं की ही उत्तर देते. ही काल रात्रीच्या बसने आली, माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.
दुपारी गर्दी जरा ओसरल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं असंही वाटलं. मी मनाशी जुळवाजुळव केली होती. की वहिनी, तारखेचं काही नव्हतं, त्या दिवशी मला ऑफिसात थांबायचं होतं. एवढंच वाक्य. दहा वेळा मनात म्हणून झालं होतं.
तिने माझा हात धरला. म्हणाली, भावजी, तुमचे उपकार कसे फेडू? पंधराला नेलं असतं तर टेबलावरच गेले असते. त्या दिवशी तर जहाजं बुडाली. तुमच्यामुळे चार दिवस जास्त मिळाले मला. चार दिवस त्यांच्या उशाशी बसले, बोलले, हसलेसुद्धा. तुम्ही बघून सांगितलंत म्हणून.
पुतण्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघत राहिला. तो आईसाठी गप्प बसला. ही भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिनेही मागे वळून पाहिलं.
मला ते वाक्य म्हणायचं होतं. शपथेवर लिहितो, ओठांवर आलं होतं.
वहिनी म्हणाली, हो ना भावजी?
मी हो म्हणालो.