हाताला गुण

४ ऑगस्ट

लागला नंबर! तिसऱ्या खेपेला का होईना, मी डॉक्टर होणार. आईने निघताना इतक्या सूचना दिल्या की कंडक्टर म्हणाला, मावशी, तुम्हीच बसा आता आत.

हे सरकारी कॉलेज जरा वेगळंच आहे. मोठं हॉस्पिटल नाही, होस्टेल नाही. पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याने गावातल्या एका घरात राहायचं, एक गल्ली सांभाळायची आणि तिथल्या माणसांकडूनच शिकायचं. मला शिंपीकाकांचं घर मिळालं. खाली शिलाई मशीनची खडखड, वर माझी खोली. टेबलाचा एक पाय आखूड आहे. काकूंनी त्याखाली चिंध्यांची घडी सरकवली आणि म्हणाल्या, घर तुझंच समज.

मुलाखतही अशीच झाली होती. प्राध्यापक एकटे आमचे सर, बाकी सगळे गावातले. मार्कांचं कोणी विचारलंच नाही. शिकून इथेच राहशील ना, एवढंच विचारलं. राहीन म्हटलं. मग म्हाताऱ्या सुईणबाईंनी माझं मनगट धरलं, बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीच्या हाताला गुण आहे." दोनदा तोंडावर आपटलेल्या मुलीला कोणी असं म्हटल्यावर ती काय करणार? मी तिथेच रडले.

७ ऑगस्ट

पहिला धडा नाडीचा. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं, नजर घड्याळावर, मोजायचं पूर्ण एक मिनिट. माझी ७६. शेजारच्या शिडीची ८०. (शिडी म्हणजे माझ्या बाकावरची उंच मुलगी. ती मला पायरी म्हणते, त्यामुळे फिट्टंफाट.)

दुपारी गल्लीत गेले. पहिलं घर निवृत्त मास्तरांचं. वर्षभर अंथरुणाला खिळलेत. नाडी काही सापडेना. हा हात पाहिला, तो हात पाहिला, घामाघूम झाले. मास्तरच धीर देत होते की घाई नाही, धरून ठेव. सात-आठ मिनिटांनी बोटांखाली काहीतरी फडफडलं, मग नीट चालू झालं. वहीत ७२ लिहिलं.

१२ ऑगस्ट

आज मास्तर ओसरीवर उभ्याने दाढी करत होते! मला पाहून साबणाच्या तोंडाने हसले. गल्लीभर माझंच कौतुक. गल्लीत अकरा घरं, अकराही घरांतून बोलावणं येतं. आईला फोनवर सांगितलं तर तिने दोनदा वदवून घेतलं.

मात्र एक गोष्ट खटकते. नाडी कोणाचीच पटकन लागत नाही. सरांना विचारलं. ते म्हणाले, नवशिक्यांची बोटं बहिरी असतात, धरून ठेवायचं.

माझी आज ६४. जेवण जात नाही, त्यामुळे असेल.

२० ऑगस्ट

जिन्यात चक्कर आली. माझी नाडी ५१. शिडीची ४८. आम्ही एकमेकींची मोजली होती. तिची मला लगेच लागली, माझी तिला. मग बोटं बहिरी कशी?

घरी येऊन काकूंना म्हटलं, सरावासाठी छाती तपासू का. त्या काज करता करता बसल्या. मी स्टेथोस्कोप लावला. त्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होत्या. आत काहीच नव्हतं. भिंतीला कान लावावा तसं.

मग त्यांनीच माझा हात आपल्या मनगटावर नेला. प्रेमाने. हळूहळू ठोके सुरू झाले. माझेच होते. मोजायची गरज पडली नाही, घरचं माणूस पावलांवरून ओळखू येतं तसे ओळखले.

२५ ऑगस्ट

शिडी वर्गात नाही. सर म्हणाले, घरी गेली. ती इथे गावात राहते त्या घरी मी जाऊन आले. चपला दाराशीच होत्या. तिच्या गल्लीतली माणसं अंगणात बसली होती. गाल लालबुंद. लग्नघरासारखी हसत होती. मला कोणी आत सोडलं नाही.

तिची जागा भरायला नव्या मुलाखती लावल्यात.

२७ ऑगस्ट

पळाले. म्हणजे प्रयत्न केला. कोणी अडवलं नाही. सगळी गल्ली नुसती दारादारांत उभी होती, हात पुढे करून. मास्तर, दूधवाला, काकू. बस समोर दिसत होती आणि पायांत त्राण नाही— कोसळले. त्यांनीच उचलून आणलं. काकूंनी पांघरूण घातलं, केस विंचरले. रागावल्या नाहीत. "तूच म्हणालीस ना गं, राहीन म्हणून?"

आज पाच जण येऊन गेले. ३३.

२९ ऑगस्ट

आईला काय सांगू? तिसऱ्यांदा हरले म्हणू? दोन वर्षं नातेवाइकांची बोलणी तिने खाल्ली, मला एक शब्द लागू दिला नाही.

नाही सांगणार.

२६.

३० ऑगस्ट

सांगितलं. आई, ये. मला घेऊन जा. एवढंच बोलले. निघाले म्हणाली.

गल्लीतलं आज कोणी आलं नाही. काकूंनी जिना पुसून घेतला. पाहुणी येणार म्हणून—

३१ ऑगस्ट, सकाळ

मनगटावर काही नाही. गळ्यावर नाही. तीनदा पाहिलं. तरी लिहिते आहे. भूक नाही. थंडी, नुसती थंडी. काकू म्हणाल्या, पहिला दिवस जड जातो.

आई, येऊ नकोस. फोन काढून घेतलाय. येऊ नकोस येऊ नकोस

दुपार

आली. खाली काकूंशी बोलते आहे. जिन्याखालून मला तिचा ठोका ऐकू येतो. एवढा मोठा. एवढा ऊबदार. दार आतून लावलं. कडीवर हात ठेवून उभी राहिले. ती म्हणाली, बाळा, उघड.

उघडलं.

"किती गार पडलीस गं," म्हणाली आणि हात हातात घेतला. मी ओरडले, सोड. तिने आणखी घट्ट धरला. आईच ती.

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा तिच्याकडे.

बोटांत ऊब येते आहे. १८. मी सोडवते आहे— सोडवत होते— ३०. देवा, किती बरं वाटतं. ४४. आई म्हणते, जरा बसते, डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रवासाने असेल म्हणते. मला सोडायचं आहे. बोटं ऐकत नाहीत. ५८. ती माझ्याकडे बघते आहे, तिला कळलंय, आणि ती हात काढून घेत नाही, ती दुसराही पुढे