आठशे मीटर आणि हलगी

आबा,

आज साताऱ्याच्या मैदानावर आठशे मीटरच्या पोरी पळताना बघितल्या. पायात रंगीत बूट, बनियनवर कंपनीचं नाव, आणि शर्यत संपली की बाटली घेऊन माणूस हजर. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या वेळी बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, आणि त्यासाठी आपण आष्ट्याहून भाकरी बांधून एसटीनं जायचो. पण मला मिळाला तसा कोच ह्यांच्यातल्या एकीलाही मिळालेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

तुम्ही पडलात कुस्तीवाले. पलटणीतून पेन्शनीवर आलात, पदरात मी एकटी पोरगी, मग मलाच उसाच्या कडेनं पळवायला लागलात. पळण्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. सांगलीच्या स्पर्धेला तर तुम्ही गावचा हलगीवाला घेऊन आलात. आखाड्यात हलगी कडाडली की पैलवानाला चेव येतो, तसा पोरीलाही येईल, हा तुमचा हिशेब. आला की चेव. दोन फेऱ्यांची शर्यत, आणि मी पहिल्याच फेरीत सगळा दम घालवून बसले. मग एकेक पोरगी मला मागं टाकून गेली आणि मी शेवटून पहिली आले. चुलते म्हणाले, "दादा, बास करा आता. साताऱ्यालाबी हरली तर पळणं बंद, लगीन बघू." तुमची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि साताऱ्याला निघालो तर हलगीवाला परत एसटीत. माझं डोकंच फिरलं. "आवं आबा, ह्याला कशाला आणलंय?"

"गप ऱ्हा. चूक हलगीची न्हाई, माजी हाय. दुसऱ्या फेरीची घंटा झाल्याबिगार त्यो हलगीला हात लावनार न्हाई."

पहिली फेरी मी डोकं शांत ठेवून घोळक्यातच पळाले. घंटा झाली, हलगी कडाडली आणि मी पहिली आले. तुम्ही डोक्यावरचा फेटा सोडलात आणि भर मैदानात माझ्या डोक्याला बांधलात. पोरीच्या डोक्याला फेटा बघून पंचसुद्धा हसायला लागले. चुलते सगळ्यांना सांगत सुटले, "आमची पोरगी हाय ती." पुढं राज्याच्या संघातून कितीतरी वर्षं पळाले, पण इतकी ताठ मान पुन्हा कधी झाली नाही.

तुम्ही जाईपर्यंत पारावर सांगत राहिलात, पोरीनं मैदान मारलं ते हलगीच्या जोरावर. मीही होला हो करत राहिले, तुमचा आनंद कशाला मोडा. हे पत्र काही कुठं जाणार नाही, म्हणून सांगते. शेवटच्या वळणावर मला हलगी ऐकूच आली नाही. दोरीच्या पलीकडनं धोतर हातात धरून तुम्ही माझ्या बरोबरीनं पळत होतात, आणि ओरडत होतात, "हरलीस तरी चालंल, बाय, पडू नगंस." मला तेवढंच ऐकू येत होतं.