वहिनी रक्षाशी बोलते

१२ जानेवारी २००१

वहिनी बोलली. रक्षाशी! माझ्याशी नाही.

दिवाळीपासून दादाची ही बायको घरात असून नसल्यासारखी. जेवत नाही, वेणी घालत नाही. बी.ए.ला मानसशास्त्र मी घेतलं, या घरातली पहिली पदवी माझी — आणि तिनं तोंड उघडलं ते माझ्या धाकट्या बहिणीपुढे. काय म्हणाली, विचारलं तर रक्षा म्हणते, "काई नाई वं ताई, असंच." मला सांगायचं नाही, एवढंच.

१३ जानेवारी

कॉलेजची वही काढली. जुने ग्रीक वैद्य म्हणत, अंगात काळं पित्त साचलं की माणूस उदास होतो. पुढे तिकडचे धर्मगुरू म्हणाले, भूत लागलं, किंवा आळसाचं पाप. मग कोंडून ठेवणं. आता कुठे आजार म्हणतात, औषध देतात.

दोन हजार वर्षांचा हा इतिहास आमच्या ओसरीवर एका सकाळीत झाला! शेजारच्या सखूबाई म्हणाल्या, पित्त आहे. आई म्हणाली, बाहेरचं आहे. बाबा म्हणाले, आळस.

दादा मात्र गुरुवारी तिला माहेरी, वडनेरला सोडणार. "तिकडंच राहू दे आता." मी हातापाया पडले — त्या दिवशी वर्ध्याला डॉक्टरकडे नेऊ. म्हणाला, ती हो म्हणाली तर ने.

१४ जानेवारी

वहिनीला वही वाचून दाखवली. अर्धा तास. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

१५ जानेवारी

डॉक्टरकडे यायला आजही मानेनंच नाही म्हणाली.

१६ जानेवारी

रक्षा बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत तिच्याजवळ बसते. समजावत नाही, काही नाही. आज वहिनी एकेक काडी निवडून तिच्या हाती देत होती! मी जाऊन बसले, तर वहिनीचे हात थांबले.

जळते मी. लिहायलाही लाज वाटते. मनात आलं — ढोंग करते ही बाई. म्हणजे बाबांचंच म्हणणं, जरा शुद्ध भाषेत. काय शिकले मग मी?

१७ जानेवारी

वहिनी यायला तयार. रक्षा सोबत असेल तर.

दादाला सांगितलं, मी समजावलं तिला. खोटं बोलले.

१८ जानेवारी

डॉक्टरबाईंनी काय होतं विचारलं. वहिनीला सांगता येईना. रक्षाच सांगू लागली — पहाटे चारलाच जाग येते, उठावंसं वाटत नाही, भाकर मातीसारखी लागते, आपण नसलेलंच बरं असं वाटतं. वहिनी मान हलवत रडत होती.

बाईंनी विचारलं, हे सगळं वहिनीनं सांगितलं तुला?

"नाई मॅडम. मले झालतं. दोन वर्सं होतं. मंग कमी झालं आपोआप."

ती दोन वर्षं आम्ही एकाच गोधडीत झोपत होतो.