माझ्या सहीची पत्रं

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार

ही पत्रं माझी नाहीत.

सही माझी. कागद आमच्या प्रकाशनाचा. तारखाही बरोबर. पण मी असं लिहीत नाही — मला असं लिहिताच येत नाही!

आमचा कादंबरीकार आर्मां तेसेर आपले सगळे कागद एका ग्रंथालयाला देतोय. एकाहत्तरावं लागलं, आता आवराआवर, म्हणतो. मी त्याला वीसेक वर्षांत पाठवलेल्या एकतीस पत्रांच्या प्रती त्याने धाडल्या — 'छापायला हरकत नाही ना?' कॉफी घेऊन मजेत वाचायला बसले. तिसऱ्या पत्राशी कॉफी गार झाली. काय ते फ्रेंच! वळणदार, मऊ, कुठे खडा म्हणून लागत नाही. मी बुडापेस्टहून इथे आले ती सदतिसाव्या वर्षी, एका बॅगेनिशी. माझं फ्रेंच म्हणजे खडीचा रस्ता.

टाइप करणारी एकच. ओदील.

बरं झालं, ही वही मी माझ्या हंगेरियनमध्ये लिहिते. इथे तरी तिचा हात पोचत नाही.

४ ऑक्टोबर

डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं आणि जुने खर्डे काढले. पत्रांचे खर्डे मी शाळकरी वह्यांत लिहिते. एकही वही टाकलेली नाही. खर्डा आणि पत्र शेजारी शेजारी ठेवून बघितले.

माझा खर्डा: 'दुसरं प्रकरण वाईट आहे.'

गेलेलं पत्र: 'दुसऱ्या प्रकरणात तुम्ही स्वतःवर थोडा अन्याय केला आहे, असं वाटतं.'

ओदील पेराशों एकसष्ट सालापासून आमची मुद्रितं तपासते आणि माझी पत्रं टाइप करते. रोज पाच वाजता सहीची फाइल पुढे ठेवते. मी न वाचता सह्या करते. वाचायचं कशाला? मीच लिहिलेली ना!

मधे एकदा दार वाजवून लिंडनच्या फुलांचा काढा ठेवून गेली. न सांगता. टेबलावर काय पसरलंय ते बघायलाच आली असणार.

६ ऑक्टोबर

सापडलं. १२ नोव्हेंबर १९६४. तेच पत्र.

'काकाला कापा आणि कादंबरी वसंतात पुन्हा आणा.' हे वाक्य आमच्या प्रकाशनाचा मंत्र आहे. तेसेरने काकाचं पात्र कापलं, कादंबरीला पारितोषिक मिळालं, आणि दोन खोल्यांतल्या परदेशी बाईच्या प्रकाशनाला लोक ओळखायला लागले. मुलाखतींत मी हे किती वेळा सांगितलं असेल! जानेवारीत प्रकाशनाला पंचवीस वर्षं पुरी होतात. फाब्रिसला ते पत्र कॅटलॉगच्या पहिल्या पानावर हवंय. फाब्रिस माझा भागीदार, चौतीस वर्षांचा. जानेवारीपासून सगळा कारभार त्याच्याकडे.

माझा खर्डा तीन ओळींचा आहे. 'नाही. शंभराव्या पानापासून कादंबरी मेली आहे. मला नको.'

काकाचं नावही नाही.

७ ऑक्टोबर

मग मला आठवतंय कसं? शब्द आठवतात. खिडकीशी उभी होते तेसुद्धा आठवतं.

१० ऑक्टोबर

जेवून लवकर परतले. जिन्यात दोघांचे आवाज. ओदील म्हणत होती, "मादामना इतक्यात नका सांगू."

फाब्रिस म्हणाला, "किती दिवस लपवणार? कधीतरी कळणारच त्यांना."

मी पायरीवरच थांबले. मग मुद्दाम खोकत वर गेले. दोघंही कामात! फाब्रिसने उठून माझा कोट घेतला. एरवी घेत नाही.

आता चित्र स्पष्ट आहे. जानेवारीत म्हातारी खुर्चीवरून उतरली की हे पत्र बाहेर काढायचं. तेसेरला शोधून काढला तो हिने नव्हे, हिच्या टायपिस्टने!

११ ऑक्टोबर

सापळा लावला. लियाँच्या एका पुस्तकविक्रेत्याला पत्र. त्यात मुद्दाम सात चुका घातल्या. फ्रेंचमध्ये टेबल बाई असतं, त्याला पुरुष केलं. पुस्तकाला बाई केलं. बघू या हात कुठे कुठे फिरतो ते.

१२ ऑक्टोबर

सातही चुका जशाच्या तशा परत आल्या! सुबक टाइप केलेल्या.

म्हणजे आता सुधारायचं बंद. एवढी वर्षं झाकलं, आता उघडं पाडायचं. 'बघा, सत्तावीस वर्षं झाली तरी टेबलाला पुरुष म्हणते.' पत्र पाठवलं नाही. पर्समध्ये ठेवलंय.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दर गुरुवारी दोनला ओदील बाहेर पडते. बहिणीकडे, म्हणते. आज मी मागे गेले. चौसष्टाव्या वर्षी, डोळ्यांपर्यंत हॅट ओढून! ती भिंतीच्या कडेकडेने सावकाश चालत होती. आपल्या मागे कुणी आहे का, याचा कानोसा घेतल्यासारखी. एका मोठ्या दारातून आत गेली. दारावर पाच-सहा पितळी पाट्या होत्या. पहिली वकिलाची. मी बाकीच्या वाचल्याच नाहीत.

समोरच्या कॅफेत बसून राहिले. तासाने ती आली, काचेजवळून गेली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. मी मूर्खासारखा हात वर केला. पाहिलं, आणि चालू लागली. इतक्या वर्षांची ओळख, साधी मान हलवली नाही.

१७ ऑक्टोबर

आज फाब्रिस बाहेरगावी होता. खर्डा आणि पत्र तिच्यापुढे टाकलं. "हे काय आहे?"

तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. "चौसष्ट सालचं असणार. कधीतरी विचाराल, वाटलंच होतं."

"माझ्या सहीवर तुम्ही लिहिलंत. मला न विचारता."

"विचारायला घरी आले होते. तुम्ही दार उघडलं नाहीत. तुमची आई गेल्याची तार आली होती, आणि तुम्हाला तिकडे जाता येत नव्हतं. त्या आठवड्यात तुम्ही चौघांना नकार लिहिलेत. तीन मी तसेच पाठवले. ती पुस्तकं खरंच वाईट होती."

मला हसू फुटणार होतं. आवरलं.

"आणि नंतर एकोणीस वर्षं गप्प?"

"आधी नोकरीची भीती. मग तुम्ही ते रेडिओवर सांगितलंत. इतकं छान सांगितलंत, की मलाच वाटायला लागलं, तुम्हीच म्हणाला असाल."

"आणि आता माझ्या चुका तशाच सोडता! फाब्रिसला हसायला हवंय म्हणून?"

"कसल्या चुका?"

पर्समधून लियाँचं पत्र काढून दिलं. ती ते घेऊन खिडकीशी गेली. कागद नाकाशी धरला. मग लांब. मग मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी, डोळ्याच्या कोपऱ्यातून.

"ओदील. कधीपासून?"

"दीड वर्ष. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. भिंग लावून एकेक अक्षर जुळवते. अख्खं वाक्य काही हाती लागत नाही. फाब्रिसच्या लक्षात आलं. मीच म्हटलं, मादामना नका सांगू."

"आणि गुरुवारी तो वकील?"

"कुठला वकील? तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर आहेत." मग जरा थांबून, "पण तुम्हाला कसं माहीत?"

मी ते पत्र परत पर्समध्ये ठेवलं. नंतर विचारलं, "म्हणजे दीड वर्षं माझी पत्रं..."

"तुम्ही लिहिलीत तशीच गेली."

"कुणी काही बोललं नाही?"

"कोण बोलणार? सगळे घाबरतात तुम्हाला."

१८ ऑक्टोबर

सहीच्या फाइलमधलं प्रत्येक पत्र वाचलं. मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. दोन तास लागले.

२० ऑक्टोबर

तेसेरला माझ्या हाताने लिहिलं. काकाचं पत्र माझं नव्हे, ओदील पेराशोंचं. छापायचं तर तिच्या नावाने छापा, नाहीतर छापू नका. चुकांसकट पाकिटात घातलं आणि स्वतः पेटीत टाकलं.

फाब्रिसला सांगितलं. तो खुर्चीतून उठला. "मादाम, सगळा कॅटलॉग त्या पत्रावर उभा आहे!"

"मग आडवा करा," म्हटलं.

३१ ऑक्टोबर

तेसेरचं उत्तर:

'काकाला मी कापलंच नव्हतं. त्या पत्राचा, ते कुणाचं का असेना, मला भयंकर राग आला होता. जिथे जिथे "काका" होतं तिथे तिथे "घरमालक" केलं. बाकी स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. वसंतात कादंबरी पुन्हा दिली. तुम्ही स्वतः फोन केलात. म्हणालात, आता तिच्यात जीव आला.'

ओदीलला वाचून दाखवलं. तिने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "पुन्हा वाचा."