डावीकडचा आवाज

अगं,

दुकानातला माणूस नवा अॅम्प्लिफायर घेऊन येईल. त्याला चहा पाज आणि खोक्यासकट परत पाठव.

माझं डोकं पार चक्रावलंय. रेकॉर्ड लावली की डावा स्पीकर कमी वाजतो. जावईबापू म्हणाले स्पीकर बदला, दुकानदार म्हणाला प्लेअरची सुई बदला, आणि मी आपला अॅम्प्लिफायरवर अडून बसलो. आज सकाळी दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली, तरी माझ्या डाव्या हातालाच आवाज कमी. वायरी उलटसुलट केल्या, तरी तेच! शेवटी वैतागून खुर्चीच फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून तीच रेकॉर्ड ऐकली. तर मघाशी मेलेला स्पीकर ठणठणीत, आणि चांगला होता तो गप्प! असं कुठलं मशीन वागतं, सांग बघू?

खुर्ची आहे तशीच राहू दे. मी जरा डॉक्टरांकडे जाऊन येतो. उगाच जावईबापूंना फोन करू नकोस.

आणि हो, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस म्हणून काल जेवताना मी खेकसलो ना? तू नेहमी माझ्या डावीकडे बसतेस. आज उजवीकडे बस.